मरणाचंही रजिस्टर जुळवावं लागतं

आम्ही घाटकोपरच्या डोंगराळ वस्तीतल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. आमच्यातल्या निम्म्या बायकांचं माहेर किंवा सासर साताऱ्याला, रत्नागिरीला, जुन्नरला. तेव्हा गाव आम्हाला परकं नाही, आणि तुमच्याही घरचं कुणी ना कुणी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला असणारच. आजचं बोलणं दोघींच्याही कामाचं आहे.

आपण गटाचं रजिस्टर कसं तपासतो? महिन्याच्या शेवटी पेटीतली रोकड मोजतो. वहीत जमा किती, कर्ज किती दिलं, व्याज किती आलं, ते बघतो. रोकड आणि वही जुळली नाही तर कुठेतरी नोंद राहिलीय हे लगेच कळतं. कुणाची राहिली हे कळायला वेळ लागतो, पण राहिलीय हे मात्र नक्की कळतं. साथीत किती माणसं गेली हे शोधायची रीतही अशीच आहे, आणि आपल्या मुंबईत ती सव्वाशे वर्षांपासून वापरली जातेय. आज तिचा इतिहास सांगतो.

आम्हाला हा विषय का सुचला ते आधी सांगायला हवं. २०२१ च्या शेवटी सरकारकडून कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळायला लागलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ते मिळालं. आम्ही वस्तीत घरोघर फिरून अर्ज भरून घेत होतो. आमच्यातल्या एका ताईंचा नवरा रिक्षा चालवायचा. २०२० च्या मे महिन्यात चार दिवस ताप आला, धाप लागली आणि घरातच गेला. त्या दिवसांत रुग्णवाहिका मिळेना, खाट मिळेना. तपासणी झालीच नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर हृदयक्रिया बंद पडली असं लिहिलं, तेवढ्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढे मृत्यूचा दाखला मिळाला. त्या दाखल्यावर मरणाचं कारण नसतंच, फक्त नाव, तारीख, ठिकाण असतं. तेव्हा अर्जाला लावायला ताईंकडे काही नव्हतं. तपासणीचा कागद नाही, दवाखान्याचा कागद नाही. आम्ही खूप खटपट केली, पण अर्ज टिकला नाही.

ताईंनी आम्हाला एकच विचारलं, "मग माझा माणूस कशानं गेला म्हणायचं? तो कुठल्याच यादीत नाही का?"

तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचत गेलो, विचारत गेलो, आणि उत्तर सापडलं. ते अर्धंच आहे, पण तुम्हाला सांगण्यासारखं आहे.

साथीतली मरणं मोजायच्या दोन रीती असतात. पहिली रीत म्हणजे ज्या माणसाच्या कागदावर त्या रोगाचं नाव लिहिलंय, तेवढेच मोजायचे. रोज संध्याकाळी टीव्हीवर जो आकडा सांगायचे, तो हा. दुसऱ्या रीतीत कारण बघतच नाहीत. त्या महिन्यात एकूण किती माणसं गेली ते मोजतात, कशानं का असेना. मग मागच्या चार-पाच वर्षांत त्याच महिन्यात सरासरी किती जायची ते काढतात. दोन्हींतला फरक म्हणजे जास्तीची मरणं.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, एका वस्तीत मागच्या तीन वर्षांत मे महिन्यात ९, ११ आणि १० माणसं गेली. सरासरी १० झाली. यंदाच्या मे महिन्यात १८ गेली. म्हणजे ८ जास्तीची. त्यातल्या ३ जणांच्या कागदावर कोरोना लिहिलंय. मग उरलेली ५ कुठली? वही आणि पेटी जुळत नाही. ती पाच माणसं कुणीतरी शोधायला हवीत.

मे ची तुलना मे शीच का करायची? कारण पावसाळ्यात ताप-जुलाब वाढतात, थंडीत म्हाताऱ्या माणसांची दमछाक होते. महिन्यागणिक आकडा खालीवर होतोच. म्हणून जुलैची तुलना मार्चशी केली तर हिशेब चुकतो.

ही रीत कुठून आली? थोडं लांब जाऊ, थेट लंडनला. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथे प्लेगच्या साथी यायच्या. दर आठवड्याला किती माणसं गेली आणि कशानं गेली, याचा कागद छापला जाई. ही माहिती आणायचं काम कुणाकडे होतं, माहीत आहे? म्हाताऱ्या, गरीब बायकांकडे. घरात कुणी गेलं की त्या बायका जाऊन प्रेत बघत आणि मरणाचं कारण सांगत. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांना नव्हतं. प्लेग सांगितला तर घराला टाळं लागे आणि आतली माणसं आतच कोंडली जात. म्हणून घरचे लोक त्यांच्या हातापाया पडत, पैसे देत, आणि दुसरंच कारण सांगायला लावत.

जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्याने हे जुने कागद गोळा करून १६६२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. प्लेगच्या वर्षी प्लेगची मरणं वाढली, ते ठीकच. पण त्याच वर्षी बाकीच्या आजारांची मरणंही एकदम फुगली होती. साथ संपल्यावर ती पुन्हा नेहमीसारखी झाली. त्याने ओळखलं की हे दुसरे आजार नव्हेत, दुसऱ्या नावाखाली लपलेला प्लेगच आहे. प्लेगने लिहिल्यापेक्षा चौथा हिस्सा माणसं जास्त गेली असावीत, असा हिशेब त्याने मांडला. पुढे १८४७ मध्ये लंडनला इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली, तेव्हा विल्यम फार यांनी हीच रीत नीट बसवली. नेहमीचा आकडा वजा करायचा आणि उरलेला साथीच्या खाती धरायचा.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे बंदराजवळची वस्ती, तिथे धान्याची गोदामं, त्यात उंदीर. साथ पसरली तसा सरकारचा बडगाही आला. रोग्याला उचलून दवाखान्यात न्यायचं, घरच्यांना वेगळं ठेवायचं, घर धुवायचं, सामान जाळायचं. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, तो २०२० मध्येही वापरात होता.

लोक घाबरले ते रोगापेक्षा या सगळ्याला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये एका विणकराच्या मुलीला तपासायला पथक आलं म्हणून मुंबईत दंगल झाली. परक्या पुरुषाने बाईच्या अंगाला हात लावून गाठ बघायची, हे लोकांना सहन होणारं नव्हतं. मग घरोघर काय होत असेल, ते आपल्याला सांगायला नको. रोगी माळ्यावर, फळीमागे लपवला जाई. मेला तर कारण म्हणून साधा ताप सांगितला जाई. त्या काळी बहुतेक मरणांचं कारण डॉक्टरने लिहिलेलं नसे. घरचे सांगतील तेच वहीत जाई.

पण मरण लपवलं तरी प्रेत लपत नाही. स्मशानात, कब्रस्तानात एकूण नोंद होतच होती. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी दर आठवड्याची एकूण मरणं मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहिली. वहीत लिहिलेला प्लेग आणि प्रत्यक्ष जास्तीची मरणं यांत मोठी तफावत निघाली. लपवलेला प्लेग असा उघडा पडला.

त्या हिशेबात एक अडचणही आली, ती आपल्या ओळखीची आहे. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती. कुणी कोकणात, कुणी देशावर, कुणी गुजरातेत. शहरात माणसंच निम्मी उरली, तर मरणं कमी दिसणारच. आज आम्ही राहतो ती घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली तेव्हा मुंबई शहरात नव्हतीच. साष्टीतली गावं होती ती, ठाणे जिल्ह्यातली. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला, आणि मुलुंड-दहिसरपर्यंतचा भाग महापालिकेत आला तो १९५७ मध्ये. तेव्हा शहरातून पळून इथे येऊन कुणी मेला, तर तो शहराच्या वहीत नसे. किती माणसं गेली हे विचारताना किती माणसं होती हेही विचारावं लागतं. म्हणून मरणाचा दर हजारी काढतात. हजार माणसांमागे किती गेली, हे कळलं तरच दोन वर्षांची तुलना खरी होते.

प्लेगची गोष्ट निघाली की सावित्रीबाईंना आठवल्याशिवाय राहवत नाही. पुण्याजवळ त्यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्याबरोबर प्लेगच्या रोग्यांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. त्यांच्यासारखीच शुश्रूषा करता करता गेलेल्या किती बायका वहीत नुसत्या तापाखाली असतील, कोण जाणे.

दुसरी मोठी साथ १९१८ ची, इन्फ्लुएन्झाची. मुंबईत १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि तिने हाहाकार केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेली. मुंबईची वस्ती तेव्हा आजच्या मानाने कितीतरी लहान होती, हे लक्षात घ्या. त्यात त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महाग झालं होतं. उपाशी अंगाला रोग लवकर धरतो.

गावाकडे तर मोजणाराच उरला नाही. जन्म-मृत्यूची खबर देण्याचं काम गावचा पाटील किंवा चौकीदार अशी माणसं करत. तीच आजारी पडली, मेली. सरकारी वहीत मरणाच्या कारणांत ताप हा एकच मोठा रकाना होता, मलेरिया त्यातच, इन्फ्लुएन्झाही त्यातच. मग हिशेब कसा केला? पुन्हा तीच रीत. तापाच्या रकान्यात नेहमी किती असतात आणि यंदा किती, यातला फरक काढला. सुरुवातीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. मग १९२१ ची जनगणना झाली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायला हवी होती, तर ती किंचित घटली. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं बोलायचं तर १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होते, ते १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाले. त्यानंतर आजवर कुठल्याच जनगणनेत असं झालेलं नाही. मोजणारे पुन्हा कामाला लागले. अंदाज सव्वा कोटीवर गेला, आणि पुढच्या अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. माणसं एकदाच मेली होती, त्यांची खरी संख्या कळायला मात्र पुढची अनेक वर्षं जावी लागली.

या हिशेबातून आणखी दोन गोष्टी कळल्या. मुंबईत दर हजारी युरोपियन लोकांत सुमारे ८ माणसं गेली, तर तेव्हाच्या नोंदीत ज्यांना खालच्या जातीचे म्हटलं होतं त्यांच्यात सुमारे ६१. रोग एकच, पण चाळीतली दाटी, अपुरं अन्न, दवापाण्याची वानवा, यामुळे मरण सारखं वाटलं गेलं नाही. दुसरी गोष्ट बायकांची. देशभरात १९१८ मध्ये पुरुषांपेक्षा बायका जास्त दराने गेल्या. घरातल्या सगळ्या आजाऱ्यांचं उशापायथ्याशी बसून करायचं ते बायकांनी, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं तेही बायकांनी. हे आकड्यांनी दाखवलं. कुणी मोजलं नसतं तर आजी-पणजीच्या तोंडच्या गोष्टीपलीकडे ते राहिलं नसतं.

आता आपण पाहिलेली साथ. मुंबईत मार्च २०२० मध्ये कोरोना आला. लोकल बंद झाल्या, मग सगळंच बंद झालं. १६ जून २०२० रोजी एक गोष्ट घडली. जुन्या नोंदी ताडून पाहिल्यावर महाराष्ट्राच्या आकड्यात एका दिवसात १,३२८ मृत्यू वाढवले गेले, त्यातले ८६२ मुंबईचे होते. ती माणसं त्या दिवशी गेली नव्हती. आधीच गेली होती, यादीत उशिरा आली. आपल्या रजिस्टरात मागच्या महिन्याचा राहिलेला हप्ता लाल शाईने लिहावा, तसं.

वर्ष संपल्यावरचा मोठा हिशेब बघा. २०१९ मध्ये मुंबईत सगळ्या कारणांनी मिळून सुमारे ९१ हजार मृत्यूंची नोंद झाली होती. त्याआधीची वर्षंही नव्वद हजारांच्या आसपासच होती. २०२० मध्ये हा आकडा सुमारे १ लाख १२ हजारांवर गेला. म्हणजे जिथे १०० माणसं जायची तिथे १२३ गेली. जास्तीची झाली सुमारे २१ हजार. त्या वर्षी कोरोनाच्या खाती मुंबईत लिहिले गेले सुमारे ११ हजार. मग उरलेली सुमारे १० हजार माणसं कुठली?

इथे आपण घाई करायची नाही. त्या दहा हजारांत तपासणी न होता गेलेले कोरोनाचे लोक आहेत. ज्यांचं डायलिसिस चुकलं, टीबीच्या गोळ्या बंद पडल्या, छातीत दुखत असताना दवाखान्याची भीती वाटली किंवा वाहन मिळालं नाही, असेही आहेत. पहिल्यांना रोगाने मारलं, दुसऱ्यांना साथीच्या दिवसांनी. आकडा दोघांत फरक करू शकत नाही. पण साथ आली नसती तर यातले बहुतेक त्या वर्षी गेले नसते, एवढं तो सांगतो.

उलटही एक गोष्ट आहे. मुंबईच्या लोकल रेल्वेवर २०१९ मध्ये अडीच हजारांहून जास्त माणसं मेली होती. कुणी रूळ ओलांडताना, कुणी गर्दीत दारातून पडून. २०२० मध्ये लोकल कित्येक महिने सर्वांसाठी बंदच होत्या, तेव्हा हा आकडा निम्म्याहून खाली आला. म्हणजे साथीमुळे काही माणसं वाचलीसुद्धा. एकूण हिशेबात ही वाचलेली माणसं वजा होऊन गेलेली असतात. तेव्हा साथीने प्रत्यक्ष नेलेली माणसं त्या फरकापेक्षाही जास्त असू शकतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या गावाशी जोडलेली आहे. २०२० च्या मे महिन्यात आमच्या वस्तीतली कितीतरी घरं रिकामी झाली. मिळेल त्या गाडीने, काही जण पायी, गावी गेले. आपल्या कायद्यात मृत्यूची नोंद जिथे माणूस मरतो तिथे होते, राहायला कुठे होता तिथे नाही. म्हणजे घाटकोपरचा माणूस पाटणला जाऊन मेला तर तो साताऱ्याच्या वहीत. आणि गावचा माणूस मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आणला, इथेच गेला, तर तो मुंबईच्या वहीत. एकट्या शहराचा किंवा एकट्या गावाचा आकडा बघून पूर्ण चित्र दिसत नाही. १८९७ मध्ये जी अडचण होती, तीच १२३ वर्षांनी पुन्हा आली.

सगळ्या देशाचं बघितलं तर नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. दोन वर्षांत कोरोनाच्या खाती अधिकृतपणे लिहिले गेले ते सुमारे ४ लाख ८१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये याच रीतीने अंदाज काढला की भारतात या दोन वर्षांत सुमारे ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले. आपल्या सरकारने तो अंदाज मान्य केला नाही, गणिताची पद्धत चुकीची आहे असं म्हटलं. आपण काय समजायचं? एवढं समजायचं की नोंदींचे आकडे वर्षागणिक वाढतात त्याला नोंदणी सुधारणं हेही एक कारण आहे, म्हणून वाढलेलं प्रत्येक मरण साथीचं धरता येत नाही. पण एका वर्षात वीस लाखांनी उडी, हीसुद्धा नुसती नोंदणी सुधारल्याची उडी नाही. खरा आकडा ठरवायचा तर प्रत्येक मरणाची वेळेवर नोंद हवी. जिथे नोंद नाही तिथे अंदाज येतो, आणि अंदाज आला की भांडण येतं.

आणि इथेच आपल्या बायकांचं काम आहे. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या दर १०० मृत्यूंत ६० पुरुषांचे होते आणि ४० बायकांचे. पुरुष थोडे जास्त मरतात हे खरं, पण फरक एवढा मोठा नसतो. बाईच्या नावावर जमीन नाही, विमा नाही, पेन्शन नाही. मग तिच्या दाखल्याची कुणाला गरज वाटत नाही. नोंदच होत नाही. महाराष्ट्रात नोंदणी चांगली आहे असं म्हणतात, पण तुम्हीच आपल्या गावात आठवून बघा, घरात गेलेल्या म्हाताऱ्या सासूची, बाळंतपणात गेलेल्या पोरीची नोंद लगेच झाली होती का? पुढची साथ आली आणि बायका जास्त गेल्या, तर १९१८ सारखं ते दिसायला तरी हवं.

म्हणून काही गोष्टी गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची, त्याला पैसे लागत नाहीत. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात. दवाखान्यात मरण आलं तर खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी आलं तर घरच्यांची. २१ दिवस उलटले तर विलंब शुल्क, महिना उलटला तर परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जितका उशीर तितक्या चकरा. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मरणाच्या कारणाचा वेगळा कागद द्यायचा असतो, त्याची फी नसते. तो मागून घ्या आणि त्यावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या. नुसतं हृदय बंद पडलं असं असेल तर विचारा की कशामुळे बंद पडलं. हृदय तर सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

आमच्या ताईंचं पुढे काय झालं, ते विचाराल. ५० हजार मिळाले नाहीत. तपासणीचा कागद नव्हता, त्याला आमच्याकडे उपाय नव्हता. पण मृत्यूची नोंद वेळेवर झाली होती, दाखला हातात होता. त्या दाखल्यावर खोलीच्या कागदांवर त्यांचं नाव लागलं, निराधार योजनेचा अर्ज झाला, पोरांच्या शाळेची कामं झाली. गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं, ते फेडत आणलंय.

आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही त्यांना दिलं. म्हटलं, ताई, तुमचा माणूस कोरोनाच्या ११ हजारांच्या यादीत नाही. पण मुंबईच्या १ लाख १२ हजारांत तो आहे, कारण तुम्ही त्याची नोंद केली. ती जी दहा हजारांची तफावत निघाली, जिच्यावर मोठमोठे लोक लिहितात, भांडतात, तिच्यात एक तुमच्या घरचा आहे. ही रीत एकूण आकडा सांगते, एकेकाचं नाव सांगत नाही. म्हणून तिच्या जोरावर अर्ज मंजूर होत नाही. पण इतकी माणसं यादीबाहेर राहिली हे कुणाला नाकारता येत नाही, ते तुमच्यासारख्यांनी नोंद केली म्हणून.

ताई काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मोजला तरी गेला."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. मागच्या वर्षभरात आपापल्या आळीत कोण कोण गेलं ते आठवा, आणि कुणाची नोंद राहिली आहे ते बघा. बायकांची आधी बघा. राहिली असेल तर दोघी-तिघी मिळून ग्रामपंचायतीत जा. आम्ही इथे आमच्या वस्तीत हेच करतोय.